फॉरमॅट मारा लागन

२०१०च्या दिवाळीनंतर आमचा कॉम्प्युटर आजारी पडला. वाशिमच्या पाटणी चौकाजवळ एका गल्लीत दुरुस्तीचं दुकान होतं. बाबांनी सीपीयू जुन्या चादरीत गुंडाळला, स्कूटरवर पुढे उभा केला, मी मागे बसलो आणि आम्ही तिथे पोहोचलो. दुकानातला मुलगा पंचविशीचा असेल. त्याने मॉनिटर जोडला, दोन-चार ठिकाणी क्लिक केलं, टास्क मॅनेजर उघडून पाहिला. उघडला नाही. ‘तुमच्या अ‍ॅडमिनिस्ट्रेटरने हे बंद केलं आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी डबा आला. घरात अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणजे बाबाच. ते ओशाळले.

“सर, हा व्हायरस लय चिवट हाय. फॉरमॅटच मारा लागन.”

“डाटा?”

“सीचा जाईन. डीचा राह्यते.”

बाबांनी मान हलवली. तीनशे रुपये ठरले. संध्याकाळी सीपीयू चादरीत गुंडाळून परत आला, स्क्रीनवर एक्सपीचं हिरवं माळरान नव्यासारखं चमकत होतं. घरी येऊन बाबांनी माय डॉक्युमेंट्स उघडलं. रिकामं होतं.

माय डॉक्युमेंट्स सी ड्राइव्हमध्ये असतं हे बाबांना ठाऊक नव्हतं. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्या काळात सरकारी नोकरीत एमएस-सीआयटी पास होणं बंधनकारक झालं होतं, नाही तर वेतनवाढीचा प्रश्न. म्हणून चाळिशी उलटलेल्या असंख्य गुरुजींनी माउस हातात धरला आणि पुष्कळांच्या घरी पतसंस्थेच्या कर्जातून कॉम्प्युटर आला. आमच्याकडेही तसाच आला, २००८ साली. परीक्षेत फाइल सेव्ह कशी करायची ते विचारलं जायचं. सेव्ह केलेली फाइल नेमकी कुठे जाऊन बसते, हे विचारलं जात नसे.

त्या फोल्डरमध्ये अठरा पानं होती. २००९च्या उन्हाळ्यात आजोबा गावाहून आमच्याकडे राहायला आले होते. बाबा रोज संध्याकाळी त्यांना बोलतं करायचे आणि रात्री एकेका बोटाने कृतिदेव फॉन्टमध्ये टाइप करायचे. बहात्तरचा दुष्काळ, खडी फोडायची कामं, लाल मिलोच्या भाकरी, चाऱ्यासाठी जनावरं घेऊन केलेली पायपीट. २०१०च्या पावसाळ्यात आजोबा गेले. दिवाळीनंतर ती पानंही गेली.

आता गंमत म्हणा किंवा चीड आणणारी गोष्ट म्हणा: त्या व्हायरसने त्या अठरा पानांना हातही लावला नव्हता. तो फक्त प्रोग्रॅमच्या फाइली खायचा. पानं गेली ती उपचारामुळे. आणि ज्याच्यासाठी उपचार केला, तो तर दोन दिवसांत परत आला.

मी आज पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. ऑफिसात लॅपटॉपला काही लागण झाल्याचा संशय आला, तर आयटीवाले तो घेऊन जातात, पुसतात, नवी विंडोज टाकतात आणि दुपारपर्यंत परत देतात. म्हणजे आमच्या गल्लीतल्या मुलाने केलं तेच. कुणी हळहळत नाही, कारण प्रत्येक फाइलची दुसरी प्रत सर्व्हरवर पडलेली असते. फॉरमॅट हा दुसरी प्रत असणाऱ्यांचा उपाय आहे. ज्याच्याकडे एकच प्रत आहे, त्याला व्हायरस काढून हवा असतो, घर पाडून नको असतं. ही गरज कॉम्प्युटर व्हायरसइतकीच जुनी आहे, आणि तिच्या इतिहासात मराठी माणसं बऱ्यापैकी मध्यभागी आहेत. एक तर थेट व्हायरसच्या नावातच आहे.

आयबीएम पीसीवर पसरलेला पहिला व्हायरस १९८६चा. नाव ‘ब्रेन’, गाव लाहोर. बासित आणि अमजद फारूक अल्वी या दोन भावांनी तो लिहिला आणि त्यात स्वतःच्या दुकानाचा पत्ता आणि फोन नंबरही घातले! तो फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये बसायचा, म्हणजे कॉम्प्युटर चालू होताना सगळ्यात आधी वाचल्या जाणाऱ्या तुकड्यात. ज्यांनी फ्लॉपी पाहिली नाही त्यांच्यासाठी: सेव्हच्या बटणावर असतं ना चित्र, ती. तिच्यात एखादा चांगला फोटोसुद्धा मावत नसे.

मग १९९०च्या जूनमध्ये भारतात एक व्हायरस सापडला. त्याचं नाव ‘जोशी’. दरवर्षी ५ जानेवारीला तो जागा व्हायचा, कॉम्प्युटर अडवून धरायचा आणि पडद्यावर हुकूम सोडायचा की ‘हॅपी बर्थडे जोशी’ असं टाइप करा. तुम्ही मुकाट्याने टाइप केलंत की कॉम्प्युटर मोकळा. खंडणी मागणाऱ्या आजच्या रॅन्समवेअरच्या तुलनेत किती सज्जन मागणी! वाढदिवसाच्या शुभेच्छा द्या आणि कामाला लागा.

पण सज्जनपणा तेवढ्यापुरताच. बाकी जोशी भलताच चिवट होता. कॉम्प्युटर अडकला की लोक कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट ही तीन बटणं दाबून तो पुन्हा सुरू करत. जोशीने हेही ओळखलं होतं. तो ती बटणं स्वतःच पकडायचा. तुम्हाला वाटायचं सगळं नव्याने सुरू झालं, पण तो मेमरीत तसाच बसलेला. दुसरं म्हणजे, डिस्कचा पहिला सेक्टर तपासायला गेलात तर तो तुम्हाला जपून ठेवलेला मूळ, स्वच्छ सेक्टर दाखवायचा. पोलिसांनी दार वाजवावं आणि चोरानेच घरमालक बनून ‘इथे सगळं ठीक आहे साहेब’ म्हणावं, तसं.

आणि तिसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. हार्ड डिस्कवर जोशी ज्या सेक्टरमध्ये राहायचा, त्याला मास्टर बूट रेकॉर्ड म्हणतात. डॉसची फॉरमॅट आज्ञा त्याला स्पर्शच करत नसे. म्हणजे वैतागून एखाद्याने अख्खी सी ड्राइव्ह फॉरमॅट केली तरी हिशेबाची पत्रकं जायची, पत्रं जायची आणि जोशी जागच्या जागी. घर पाडलं, पण उंबऱ्याखालचा साप तसाच.

मग तो निघायचा कसा? आधी कॉम्प्युटर बटणाने पूर्ण बंद करायचा, म्हणजे मेमरी खरोखर रिकामी होते. मग एक स्वच्छ फ्लॉपी घ्यायची. तिच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावायची, की तिच्यावर काही लिहिलंच जाऊ नये. त्या फ्लॉपीवरून कॉम्प्युटर सुरू करायचा. आता चोर झोपलेला आहे आणि तुम्ही जागे आहात. १९९१च्या डॉस ५मध्ये तर एफडिस्क या आज्ञेला एक जोडशब्द लावला की मास्टर बूट रेकॉर्डचा कोड नव्याने लिहिला जायचा. माहिती शाबूत, व्हायरस गायब. व्हायरस काढण्याच्या विद्येतलं मूळ सूत्र हेच: आजारी घर आतून झाडता येत नाही, बाहेरून यावं लागतं. पुढच्या वीस वर्षांत फ्लॉपी जाऊन सीडी आली, सीडी जाऊन पेन ड्राइव्ह आला. सूत्र बदललं नाही.

त्याच सुमारास पुण्यात एक तरुण कॅल्क्युलेटर आणि रेडिओ दुरुस्त करत होता. कैलास काटकर, मूळचे सातारा जिल्ह्यातले. शिक्षण दहावीपर्यंत. दुसऱ्याच्या दुकानात काम शिकून १९९०च्या आसपास त्यांनी स्वतःचं छोटं दुकान टाकलं. पुढे कॅल्क्युलेटरसोबत कॉम्प्युटरही दुरुस्तीला येऊ लागले, आणि पाहतात तर बहुतेकांना व्हायरसचीच बाधा. धाकटा भाऊ संजय पुण्याच्या मॉडर्न कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकत होता. मोठ्याने धाकट्याला सांगितलं की यावर काहीतरी लिही. संजय काटकरांनी सुरुवातीला हाताळलेल्या व्हायरसांमध्ये मायकेलअँजेलो होता.

मायकेलअँजेलो १९९१चा. ६ मार्च हा त्या चित्रकाराचा जन्मदिवस, आणि त्या दिवशी संक्रमित कॉम्प्युटर सुरू केला की हा व्हायरस हार्ड डिस्कच्या सुरुवातीच्या भागावर कचरा लिहायचा. १९९२च्या मार्चमध्ये जगभरच्या वर्तमानपत्रांनी याची एवढी हवा केली की लाखो कॉम्प्युटर जाणार अशी भाकितं झाली. प्रत्यक्षात हजारांत गेले. पण दुरुस्ती करणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर मायकेलअँजेलोत एक सोय होती. मूळ बूट रेकॉर्ड तो फेकून देत नसे. हार्ड डिस्कवर शून्याव्या ट्रॅकच्या सातव्या सेक्टरमध्ये नेऊन ठेवायचा, कारण कॉम्प्युटर पुढे चालू तर राहिला पाहिजे ना! मग साफ करणाऱ्या प्रोग्रॅमने काय करायचं? खात्री करायची की हा तोच व्हायरस आहे, सातवा सेक्टर उचलायचा आणि पहिल्या जागी परत ठेवायचा. झालं. गिऱ्हाइकाची एकही फाइल न हलता.

वाचायला सोपं वाटतं. पण प्रत्येक व्हायरस मूळ तुकडा वेगळीकडे लपवतो, काही तो गुप्त लिपीत बदलून ठेवतात. त्यामुळे प्रत्येकाचा स्वतंत्र अभ्यास करावा लागतो. काटकर बंधूंनी तेच केलं. १९९३मध्ये त्यांची कॅट कॉम्प्युटर सर्व्हिसेस सुरू झाली, पुढच्या एक-दोन वर्षांत क्विक हील हे नाव बाजारात आलं, २००७मध्ये कंपनीनेही तेच नाव घेतलं आणि २०१६च्या फेब्रुवारीत तिचे शेअर बाजारात नोंदले गेले. यशोगाथा म्हणून ही गोष्ट तुम्ही शंभरदा ऐकली असेल. मला त्यातला वेगळा भाग महत्त्वाचा वाटतो. हे सॉफ्टवेअर प्रयोगशाळेतून आलं नाही, दुरुस्तीच्या टेबलावरून आलं. समोर उभं असलेलं गिऱ्हाईक ‘माझा डाटा वाचेल का हो?’ असं विचारतं, तिथून. नेट प्रोटेक्टर हे दुसरं सॉफ्टवेअरही पुण्याचंच. आमच्या वाशिममध्ये कॉम्प्युटरच्या दुकानांत या दोघांचीच खोकी काचेत मांडलेली असायची.

वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ला, अकोल्यातून वेगळा होऊन. चेन इंग-हाउ या तैवानी विद्यार्थ्याने लिहिलेला चेर्नोबिल व्हायरस त्याच वर्षीचा. २६ एप्रिल १९९९ला तो फुटला. डिस्कचा पहिला एक एमबी शून्यांनी भरून टाकायचा आणि काही मदरबोर्डांवरची बायोसची चिपसुद्धा निकामी करायचा. आमच्या नव्या जिल्ह्यात तेव्हा फोडायला कॉम्प्युटरच किती असतील! आमची वेळ आली ती दहा वर्षांनी.

आली ती पेन ड्राइव्हमधून. इंटरनेट फार थोड्या घरांत होतं, पण पेन ड्राइव्ह गावभर फिरायचा. फोटो स्टुडिओतून लग्नाचे फोटो, झेरॉक्सच्या दुकानातून अर्जाचा नमुना, सायबर कॅफेतून निकालाचं पान, मित्राकडून गाणी. एक्सपीत ऑटोरन नावाची सोय होती: डिस्क लावली की तिच्यातल्या एका छोट्या फाइलमध्ये जे सांगितलं असेल ते आपोआप चालवायचं. सीडी लावताच गेम सुरू व्हावा म्हणून केलेली ही मेहेरबानी किड्यांना राजमार्ग झाली. पेन ड्राइव्ह लावला, त्याच्या चित्रावर डबल क्लिक केलं, संपलं. फोल्डरचंच चित्र मिरवणारी ‘न्यू फोल्डर डॉट ईएक्सई’ आमच्या वर्गात प्रत्येकाच्या ओळखीची होती. त्यावरचे घरगुती तोडगेही होते. डबल क्लिक करायचं नाही, राइट क्लिक करून एक्सप्लोर म्हणायचं. किंवा पेन ड्राइव्हमध्ये आपणच ऑटोरन डॉट आयएनएफ या नावाचा रिकामा फोल्डर करून ठेवायचा, म्हणजे त्या नावाची फाइल तिथे बनूच शकत नाही. हा तोडगा कुणी शोधला माहीत नाही, पण बिब्बा घालावा तसा तो प्रत्येक पेन ड्राइव्हमध्ये असायचा, आणि साध्या किड्यांवर चालायचाही. मायक्रोसॉफ्टने जुन्या विंडोजवर पेन ड्राइव्हचं ऑटोरन अपडेट पाठवून बंद केलं ते २०११च्या फेब्रुवारीत. पण पायरेटेड एक्सपीवर अपडेट घ्यायला लोक घाबरत. आम्हीही त्यातलेच.

आमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरलेल्याचं नाव सॅलिटी. २००३पासून ओळखीचा. रशियातल्या सालावात शहराच्या नावावरून त्याला हे नाव पडलं. हा बूट सेक्टरवाला नव्हता. डिस्कवरच्या प्रोग्रॅमच्या फाइली शोधायच्या, प्रत्येकीच्या शेपटाला स्वतःची सांकेतिक प्रत जोडायची, आणि फाइल उघडताच आधी आपण चालू, असं सुरुवातीला फिरवून ठेवायचं. प्रत्येक प्रत वेगळी दिसायची. टास्क मॅनेजर बंद, रजिस्ट्री एडिटर बंद, अँटिव्हायरस दिसला की त्याचा गळा. सेफ मोडमध्ये जाऊन पाहावं, तर त्यासाठी लागणाऱ्या रजिस्ट्रीतल्या नोंदीच त्याने उडवलेल्या, निळा पडदा यायचा.

आता कळेल की तो फॉरमॅटनंतर परत कसा आला. दुकानदाराने सी पुसली. डी तशीच ठेवली, आमच्याच भल्यासाठी. डीमध्ये सगळ्या सॉफ्टवेअरचे सेटअप होते, सगळे बाधलेले. घरी आल्यावर मी पहिलं काम काय केलं? गाण्यांचा प्लेयर टाकायला डीमधला सेटअप उघडला. हे मी बाबांना बरीच वर्षं सांगितलं नव्हतं.

पुन्हा दुकानात जायला बाबांनी साफ नकार दिला. डीमध्ये ताईच्या लग्नाचे फोटो होते, स्टुडिओवाल्याने दिलेल्या सीडीवर चरे पडले होते. कॉम्प्युटरवर आईने शिवलेलं कव्हर चढलं ते तीन महिने. त्या दुकानातल्या मुलावर मी पुढे कित्येक वर्षं राग धरून होतो. आता तितका नाही. फॉरमॅटला एक तास लागतो, तीनशे रुपये मिळतात. साफ करायला एक दिवस लागतो आणि गिऱ्हाईक तीनशेच देतं. पण ‘सीमध्ये काय-काय आहे, सर?’ एवढं विचारायला पैसे लागत नव्हते.

फेब्रुवारी २०११मध्ये मामेभाऊ अमरावतीहून आला. तो पॉलिटेक्निकला होता. त्याने एक सीडी आणली, कॅस्परस्कीची रेस्क्यू डिस्क. आत लिनक्स. सीडीवरून कॉम्प्युटर सुरू करायचा, विंडोजला उठूच द्यायचं नाही. जोशीच्या वेळची चिकटपट्टी लावलेली फ्लॉपी ती हीच. दादाने डिलीटचं बटण दाबत बायोस उघडला, बूटचा क्रम बदलला आणि तपासणी लावली. ती चालू असताना भारनियमनाची वेळ झाली. युपीएसने वीस मिनिटं तग धरला आणि सगळं विझलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रातलं भारनियमनाचं वेळापत्रक समोर ठेवून आम्ही रात्री अकराला सुरुवात केली. मी नववीत होतो, शाळा होती, तरी आईने झोप म्हटलं नाही. पहाटे चारच्या पुढे आकडा थांबला: ९१४ फाइली बाधित. बहुतेक साफ झाल्या, म्हणजे शेपूट कापून मूळ सुरुवात परत जोडली गेली. काही साफ करताना मोडल्या. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर त्यातलंच एक, ते पुन्हा कधी उघडलं नाही.

त्याच महिन्यात सॅलिटीच्या जाळ्यातल्या सुमारे तीस लाख पत्त्यांवरून कुणीतरी बारा दिवसांत अख्खं इंटरनेट चाचपून काढलं, इंटरनेटवरून फोन लावणाऱ्या यंत्रांच्या शोधात. हे मी नंतर संशोधकांच्या अहवालात वाचलं. आमच्या घरी बीएसएनएलचं ब्रॉडबँड होतं, पण कॉम्प्युटर कव्हरखाली होता. त्या तीस लाखांत आम्ही नसणार, याचं उगाच समाधान वाटलं.

सकाळी बाबांनी डी उघडली. लग्नाचे फोटो होते. त्यांनी एकेक करत सगळे पाहिले, मग दादाला विचारलं, “ह्या सीडीनं ते पानं नाही सापडत काय?” दादा म्हणाला, “नाही मामा. तिथं आता विंडोज बसली.” दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही.

त्या उन्हाळ्यात बाबांनी दोनशे पानी वही आणली आणि आठवेल तसं आजोबांचं बोलणं पेनाने लिहायला घेतलं. सात पानं झाली. गेल्या महिन्यात घरी गेलो तेव्हा मी त्या पानांचे फोटो काढले आणि तीन ठिकाणी ठेवले. चौथ्या पानावर आजोबा बैलजोडी घेऊन चाऱ्याच्या शोधात निघतात, वाटेत मुक्काम पडतो, रात्री कुणीतरी त्यांना हाक मारतं. तिथे दोन ओळी कोऱ्या आहेत, आणि कंसात बाबांच्या अक्षरात लिहिलंय, ‘नाव आठवत नाही’.